पावसात गाणारा आणि दिवाळीनंतर गप्प होणारा हा पक्षी कोणता?

रानजाई | १७ जून, सकाळी ९:४०

मंडळी, मदत हवी आहे.

गेल्या आठवड्यात आईला घेऊन मामाकडे गेले होते. महाबळेश्वरच्या पठाराच्या कडेला गाव आहे. घराच्या मागच्या दारातून बाहेर पडलं की जांभूळ-पिसा-अंजनीचं रान सुरू होतं. रात्रभर झड लागली होती. पहाटे साडेपाचला पाऊस जरा थांबला, पागोळ्या तेवढ्या गळत होत्या, आणि मागच्या सिल्व्हर ओकच्या शेंड्यावरून कुणीतरी गायला लागलं. दोन-तीन सुरांची गोल, संथ तान, मग जरा शांतता, मग वेगळीच तान. एकदा घेतलेली तान लगेच पुन्हा घेत नव्हता. मध्येच टिटवी ओरडल्यासारखं काहीतरी, त्यापाठोपाठ शिक्र्याची हाक, आणि पुन्हा आपलं गाणं चालू. मी पाऊण तास अंगणात नुसती उभी होते. आईने हातात आणून दिलेला चहा गार होऊन गेला.

धुकं इतकं होतं की वर एक काळी आकृती आणि पिवळसर चोच एवढंच दिसलं. मामा म्हणाला, "दरवर्षी असतो तो. पाऊस लागायच्या आधी सुरू होतो, गणपतीपर्यंत गातो. दिवाळीनंतर मात्र कुठं जातो काय माहीत." गावात त्याला धड नावही नाही, "तो शीळ घालणारा" म्हणतात.

दोन प्रश्न आहेत. हा कोण? आणि हिवाळ्यात जातो कुठे?

फोनवरचं रेकॉर्डिंग जोडलं आहे. पागोळ्यांचा आवाज फार आहे, तेवढं सांभाळून घ्या.

पारवा | १७ जून, सकाळी १०:०५

हा शीळ कस्तूर. घाटात पावसाळ्यात शीळ ऐकू आली की डोळे मिटून तेच नाव घ्यावं.

मुळशीकर | १७ जून, सकाळी १०:३०

+१. ताम्हिणीत प्रत्येक ओढ्यावर एक असतो.

घाटवाट | १७ जून, दुपारी १:१५

पारवा, मुळशीकर, माफ करा, पण मला तसं वाटत नाही. रेकॉर्डिंग तीन वेळा ऐकलं. शीळ कस्तूर म्हणजे एखादा मुलगा शाळेतून रमतगमत घरी चाललाय आणि सहज शीळ घालतोय, सूर कुठून सुरू होतो आणि कुठे जातो याचं त्याला काही बंधन नाही, तसं ते गाणं. सूर वर चढतो, घसरतो, मध्येच सुटतो. इथे प्रत्येक तान पुरी होते आहे आणि दोन तानांच्या मध्ये ठरल्यासारखी जागा सोडलेली आहे. वर नकला आहेतच.

रानजाई, तीन गोष्टी सांगता येतील का? जवळ ओढा किंवा धबधबा आहे का? पुन्हा दिसला तर चोच आणि पाय कोणत्या रंगाचे? खांद्यावर किंवा कपाळावर निळी चमक आहे का?

रानजाई | १९ जून, रात्री ८:५०

घाटवाट, तुमचा प्रतिसाद वाचून मामेभावाला कामाला लावलं. तो दोन दिवस दुर्बीण घेऊन पडवीत बसला. त्याने पाठवलेलं जसंच्या तसं देते.

ओढा जवळ नाही, खाली दरीत आहे. पक्षी साळुंकीएवढा. अंग राखाडी-तपकिरी, पोटाकडे जरा फिकं. डोकं मात्र काळं, टोपी घातल्यासारखं, आणि ती टोपी मानेपाशी संपते. चोच नारिंगी-पिवळी, पाय पिवळे, डोळ्याभोवती पिवळं कडं. निळा रंग कुठेच नाही. गाताना शेंड्यावर असतो, पण खायला जमिनीवर उतरतो. दोन-चार पावलं धावतो, थांबतो, मान तिरकी करतो, एकदम चोच घालतो आणि गांडूळ बाहेर ओढतो. गांडूळ लांब असेल तर पाय रोवून मागे झुकतो.

सोबत एक तपकिरी पक्षी होता. चोच पिवळीच, पण टोपी नाही. ती मादी का?

घाटवाट | १९ जून, रात्री १०:२०

भावाला माझ्याकडून शाबासकी द्या. असं वर्णन असलं की फोटो लागत नाही.

हा कस्तूर. इंग्रजीत इंडियन ब्लॅकबर्ड, शास्त्रीय नाव टर्डस सिमिलिमस. सोबतची तपकिरी ती मादीच. आपल्याकडे ‘कस्तूर’ हे नाव बऱ्याच पक्ष्यांना चिकटलेलं आहे, शीळ कस्तूर, नारिंगी डोक्याचा कस्तूर वगैरे, म्हणून गोंधळ होतो. मी बोलताना याला काळा कस्तूर म्हणतो, पण सह्याद्रीतला नर पुरता काळा नसतो, डोक्यावर टोपी तेवढी काळी. शीळ कस्तूर मात्र गडद निळा-काळा, चोच काळी, पाय काळे, खांद्यावर आणि कपाळावर झगझगीत निळं. पाण्याशिवाय त्याचं पान हलत नाही. याला ओढा असला काय आणि नसला काय, मऊ माती आणि पाचोळा हवा.

नर कोकिळाशीही लोक याची गफलत करतात. कोकीळ काळाकुळकुळीत, डोळे लाल, चोच फिक्या हिरवट रंगाची, आणि तो गांडुळं उकरत जमिनीवर हिंडत नाही.

पावसात गाण्याचं कारण पोटाशी आहे. एप्रिल-मेमध्ये वळवाचे एक-दोन शिडकावे झाले की नर जागा धरतो आणि गायला लागतो. जूनमध्ये माती भिजली की गांडुळं वर येतात, अळ्या-किडे वाढतात, पिल्लांना भरवायला ताजं मऊ खाणं मिळतं. घरटी साधारण एप्रिल-मे ते ऑगस्ट. गाणं म्हणजे "ही जागा माझी" आणि "इकडे ये" या दोन्ही गोष्टी एकदम. वीण संपली की गाण्याचं काम संपलं. मामा गणपतीपर्यंत म्हणतात ते अगदी बरोबर आहे.

हिवाळ्याचं उद्या लिहितो, आज उशीर झाला.

पारवा | २० जून, सकाळी ७:००

घाटवाट, चूक कबूल. इतकी वर्षं घाटात फिरतो, आणि आता शंका येते आहे की मी ‘शीळ कस्तूर’ म्हणून वहीत लिहिलेले निम्मे तरी हेच असतील. वही पुन्हा काढून बसतो.

गाविलगड | २० जून, सकाळी ११:१०

आमच्या चिखलदऱ्यालाही आहे हा. धाग्यात सगळे सह्याद्रीचंच बोलून राहिले म्हणून लिहितो. मेळघाटात वर पठारावर पावसाळ्यात पहाटे गातो. तिकडे पचमढीलाही ऐकला आहे. खाली अचलपूर-परतवाड्याच्या उन्हात नाही सापडत. हजार मीटरच्या आसपास चढलं, हवा जरा गार झाली की सुरू होतो.

घाटवाट | २० जून, दुपारी ३:४५

गाविलगड, हा मुद्दा फार मोलाचा. या पक्ष्याचा नकाशा समोर ठेवला तर तो ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. अबूचा पहाड, सातपुडा, सह्याद्री, पूर्व घाट, निलगिरी, पळणी, केरळातल्या टेकड्या आणि मग समुद्र ओलांडून श्रीलंकेचा मधला डोंगराळ भाग. मधली सपाट, उष्ण जमीन विणीसाठी त्याला चालत नाही. देश उष्ण कटिबंधातला, पण पक्षी गारव्यातला. आपल्यासाठी जी डोंगररांग, ती त्याच्यासाठी बेटांची माळ.

बेटांवर जे होतं तेच इथेही झालं. प्रत्येक ठिकाणचा पक्षी थोडा वेगळा झाला. पाच उपजाती मानतात. आपल्याकडचा आणि मध्य भारतातला नायग्रोपायलियस, म्हणजे ‘काळ्या टोपीचा’. पूर्व घाटातला स्पेन्सी जवळपास आपल्यासारखाच. निलगिरीच्या बाजूचा सिमिलिमस जास्त गडद, त्यामुळे त्याची टोपी अंगापासून फार उठून दिसत नाही. पालघाटची खिंड ओलांडून दक्षिणेला गेलं की बोर्डिलोनी, सबंध अंग एकसारखं पाटीच्या रंगाचं, टोपी जवळजवळ नाहीच. आणि श्रीलंकेतला किनिसी, त्याच्या अंगावर निळसर झाक. पालघाटची खिंड म्हणजे घाटाच्या भिंतीला पडलेलं रुंद भगदाड, तिथे उंची एकदम खाली येते. डोंगरातल्या कितीतरी प्राण्यांची ती हद्द आहे, याचीही.

कुन्नूरची सून | २० जून, रात्री ९:३०

मी निलगिरीतल्या वेलिंग्टन छावणीत राहते, मिस्टर सैन्यात. मूळ कोल्हापूरची. तुमची चर्चा वाचून सकाळी मुद्दाम खिडकीत उभी राहिले. आमच्या हिरवळीवर हे पक्षी घरच्यासारखे फिरतात, आणि मला आजवर वाटायचं की ही इथली वेगळीच जात. घाटवाट म्हणतात तसंच आहे, नर सगळाच काळपट, टोपी शोधावी लागते. इथे थंडीतही दिसतात. गाणं मात्र मार्चपासून पुढेच, नोव्हेंबर-डिसेंबरात नुसती "क्री…" अशी बारीक हाक आणि उडताना चरचराट.

आंबोलीला माहेरचे नातेवाईक आहेत, पण तिथे मी कधी लक्ष दिलं नाही. आता देईन.

डॅन्यूबकाठ | २१ जून, पहाटे २:१५

धागा उघडला आणि हसूच आलं, कारण मी हे लिहितोय आणि खिडकीबाहेर समोरच्या धुराड्यावर हाच गातोय. म्हणजे याचा युरोपातला भाऊ. जर्मनीत याला ‘आम्सेल’ म्हणतात. नर खरोखरीच कोळशासारखा काळा, टोपीबिपी काही नाही, चोच नारिंगी. बागा, स्मशानं, बसथांबे, सगळीकडे. स्वीडनचा तर हा राष्ट्रीय पक्षी आहे.

बारा वर्षांपूर्वी इथे आलो तेव्हा पहिला हिवाळा फार जड गेला होता. फेब्रुवारीच्या शेवटी एका संध्याकाळी, बर्फ असताना, याने गाणं सुरू केलं आणि मी पिशव्या हातात घेऊन रस्त्यातच थांबलो. लहानपणी पाचगणीला वसतिगृहात होतो, तिथे ऐकलेलं काहीतरी आठवत होतं आणि काय ते सापडत नव्हतं. आज रानजाईताईंचं रेकॉर्डिंग ऐकलं आणि सापडलं. मनापासून आभार.

एक गंमत म्हणजे इथलं गाणं जुलैत विरत जातं. म्हणजे इथला थांबतो तेव्हा तिथला भर पावसात असतो.

रानजाई | २१ जून, सकाळी ८:००

डॅन्यूबकाठ, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती म्हणाली, त्या मुलाला सांग, पाचगणीला अजून गातो.

पण मग एक विचारते, हे दोघे एकच का वेगळे?

घाटवाट | २१ जून, दुपारी १२:३०

याची गोष्ट मला फार आवडते. टी. सी. जर्डन मद्रास इलाख्यातल्या लष्करात डॉक्टर होता. १८३९ मध्ये त्याने निलगिरीतल्या पक्ष्याचं वर्णन केलं आणि नाव ठेवलं सिमिलिमस. लॅटिनमध्ये अर्थ ‘अगदी सारखा’. सारखा कुणासारखा, तर त्याच्या देशातल्या ब्लॅकबर्डसारखा. घरापासून हजारो मैलांवर पहाटे ते गाणं कानावर पडलं की काय वाटत असेल, हे आज डॅन्यूबकाठ यांनी उलट्या बाजूने सांगितलं.

पुढच्या काळात अभ्यासकांनी त्याला युरोपातल्या ब्लॅकबर्डचीच उपजात ठरवलं. आपल्याकडच्या जुन्या पक्षी-पुस्तकांत तो टर्डस मेरुला, म्हणजे युरोपातल्या ब्लॅकबर्डच्या नावानेच, आहे. मग या शतकात डीएनए तपासले गेले, तेव्हा दिसलं की ‘अगदी सारखा’ असूनही तो सख्खा भाऊ नाही. आकार लहान, डोळ्याचं कडं रुंद, अंड्यांचा आणि आवाजाचा फरक, हे सगळं मिळून आता तो स्वतंत्र जात मानला जातो. हिमालयात वर दिसणारा तिबेटी ब्लॅकबर्ड हाही आता वेगळा, त्याला पिवळं कडंच नाही.

मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते असं. उपजात होती तोवर याची काळजी करायचं कुणाला कारण नव्हतं, कारण युरोपभर लाखोंनी होतेच. आता ही जात भारत आणि श्रीलंका सोडून कुठेही वीण करत नाही. आज ती धोक्यात नाही, धोक्यातल्या जातींच्या जागतिक यादीत ‘लीस्ट कन्सर्न’, म्हणजे सध्या फारशी काळजी नको, म्हणूनच आहे. पण सांभाळायची ती आपणच.

शनवारातला | २२ जून, संध्याकाळी ६:२०

वय ७४. फार लिहिता येत नाही, पण हे सांगावंसं वाटतं.

आमच्या वाड्यात लहानपणी एकांकडे पिंजऱ्यात कस्तूर होता. त्या वेळी बाजारात सर्रास मिळायचा, गाण्यासाठी लोक पाळायचे. पिंजऱ्यावर हिरवं कापड घातलेलं असायचं. खायला सातूचं पीठ आणि तूप कालवून द्यायचे. उन्हाळ्याच्या शेवटी, पहिला मातीचा वास आला की तो गायचा, आणि गाताना पिंजऱ्याच्या एका काडीवर सारखा सरकत राहायचा, इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्याच्या पायाखालची ती काडी गुळगुळीत झाली होती. आम्हा पोरांना ते नाचणं वाटायचं. आता कळतं.

१९७२ चा वन्यजीव कायदा आला, पुढे सगळ्याच भारतीय पक्ष्यांच्या विक्रीवर बंदी आली. अजूनही कुठे चोरून विकत असतील तर वनखात्याला कळवा, एवढीच विनंती.

अंजनी | २२ जून, रात्री ८:४५

काका, ती गुळगुळीत काडी डोळ्यांपुढून जात नाही.

आंबोलीचे गुरुजी | ९ ऑगस्ट, रात्री ९:००

उशिरा येतो आहे. पावसामुळे इथे नेट पंधरा-पंधरा दिवस नसतं. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, त्यातला बहुतेक या तीन महिन्यांत.

माझ्या परसातल्या फणसावर या वर्षी कस्तुराच्या जोडीने घरटं केलं. खिडकीपासून बारा फुटांवर. निवृत्त माणसाला वेळ भरपूर, रोज टिपून ठेवलं. कामाचं तेवढं देतो.

जागा: जमिनीपासून साधारण सात फुटांवर, खोडाला फांदी फुटते त्या बेचक्यात. घरटं मादीनेच बांधलं. नर जवळच्या तारेवर बसून गायचा आणि दुसरा नर आला की पाठलाग करायचा. पहिले दोन दिवस तिने नुसतं शेवाळ आणलं, दगडी गडग्यावरचं ओलं, हिरवं. मग बारीक मुळ्या. मग माती. चोचीत चिखलाचा गोळा घेऊन यायची, आत बसायची आणि गोल गोल फिरत छातीने दाबायची. कुंभार आतून मडकं थापतो तसं. शेवटी आत वाळकं गवत आणि नेच्याचे धागे. बाहेरून पाहिलं तर घरटं दिसतच नाही, कारण फणसाच्या खोडावर तेच शेवाळ आहे. एवढ्या पावसात ते कोसळलं कसं नाही याचं मला नवल वाटत होतं. वारा नेहमी पश्चिमेचा, आणि घरटं खोडाच्या पूर्वेला. तिला कळत होतं.

अंडी तीन. फिकी निळसर हिरवी, त्यावर तांबूस तपकिरी डाग, रुंद टोकाकडे जास्त. तेराव्या दिवशी पहिलं पिल्लू. भरवायला दोघेही. नर गांडुळं आणायचा तेव्हा चोचीत तीन-चार एकदम, मिशांसारखी दोन्ही बाजूंनी लोंबणारी. मोठा पाऊस असेल तर मादी पंख अर्धे पसरून घरट्यावर बसून राहायची, पाणी तिच्या पाठीवरून निथळून खाली.

दहाव्या दिवशी सकाळी भारद्वाज आला. मी चहा टाकत होतो. चरचराट ऐकून बाहेर धावलो तोवर एक पिल्लू त्याच्या चोचीत होतं. नर त्याच्या डोक्यावर आपटत होता, इतका की भारद्वाज तिरका होऊन करवंदीच्या जाळीत शिरला. उरलेली दोन वाचली. भारद्वाजाचीही पिल्लं असणारच, हे समजतं, तरी त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दोन्ही पिल्लं ३० जुलैला घरट्याबाहेर. अंगावर तपकिरी ठिपके, शेपूट आखूड, उडणं यथातथाच. आता गडग्याच्या कडेने आईमागे फिरतात. नर पुन्हा जोरात गायला लागला आहे, बहुधा दुसऱ्या विणीची तयारी.

घाटवाट | १० ऑगस्ट, सकाळी ६:३०

गुरुजी, हा सगळा मजकूर वेगळा जपून ठेवा. तारखांसकट. ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या संकेतस्थळावर, घरट्याच्या नोंदीसह टाकलात तर फार चांगलं. हवं तर मी फोनवरून मदत करतो.

मुळशीकर | १० ऑगस्ट, सकाळी ९:१५

वाचनखूण साठवली. घाटवाट, हिवाळ्याचं लिहितो म्हणाला होतात, राहिलं.

घाटवाट | १० ऑगस्ट, रात्री ११:००

खरंच राहिलं.

हा परदेशात जात नाही. चातक आफ्रिकेकडून येतो, तसलं याचं मोठं स्थलांतर नाही. विणीनंतर सह्याद्री-सातपुड्यातले बरेच कस्तूर डोंगर उतरतात. काही पायथ्याच्या गर्द झाडीत, काही पठारावरच्या आणि मैदानातल्या राया-बागांत, काही आणखी दक्षिणेला. थोडे वरच राहतात. पण उरलेलेही दिसत नाहीत, कारण तेव्हा ते मुके असतात. शेंड्यावर बसायचं कारण उरलेलं नसतं. सगळा दिवस झाडाखालच्या सावलीत, जमिनीवर. माती सुकलेली, गांडुळं खोल गेलेली, म्हणून पाचोळ्याखालचे किडे आणि वड-उंबर-घाणेरीची फळं यांवर भागवायचं.

हिवाळ्यात शोधायचा तर कानाने शोधा, पण गाणं नव्हे, पाचोळा ऐका. आपण रानात खसफस ऐकली की सातभाई म्हणून पुढे जातो. सातभाई टोळीने असतात आणि गप्प बसत नाहीत. खसफस एकट्याची असेल, तीही थांबून थांबून, तर तिथेच खाली बसा आणि हलू नका. दहा मिनिटांत काळी टोपी दिसायची शक्यता चांगली असते. आणि तपकिरी मादी दिसली तर ‘कुठलातरी तपकिरी पक्षी’ म्हणून सोडू नका.

रानजाई | २८ डिसेंबर, दुपारी ४:३०

धागा वर आणते आहे, कारण दिसला!

डोणज्याजवळ, सिंहगडाच्या पायथ्याशी, भावाची छोटी जागा आहे. जुने आंबे, एक मोठा उंबर आणि मागे नाला. काल दुपारी उंबराखाली सतरंजी टाकून पडले होते. खस. थांबलं. खस खस. थांबलं. घाटवाटांचं वाक्य आठवलं आणि श्वाससुद्धा हळू घेतला.

आंब्याच्या पाचोळ्यातून तो बाहेर आला, माझ्यापासून दहा-बारा फुटांवर. पायाने उकरत नव्हता. एकेक पान चोचीत धरायचा आणि मानेला झटका देऊन बाजूला टाकायचा. पान, झटका. पान, झटका. मग खाली उघड्या पडलेल्या जागेकडे एका डोळ्याने बघायचा. वीस-पंचवीस पानांनंतर एक गोम सापडली. ती दोनदा जमिनीवर आपटली आणि गिळली. मागे फिरून पाहिलं तर त्याने केलेली स्वच्छ मातीची वाट दिसत होती, हातभर लांब. एकदाही तोंडातून आवाज नाही. जूनमधला तोच जीव आहे यावर विश्वास बसत नव्हता.

मामालाच लगेच फोन केला. "दिवाळीनंतर जातो कुठे ते कळलं, माझ्याकडे आलाय." मामा म्हणाला, "मग नीट बघ त्याच्याकडे."

आता अडचण. जागा सांभाळणारे दादा दर रविवारी सगळा पाचोळा गोळा करून पेटवतात. आवार स्वच्छ दिसावं म्हणून, मनापासून करतात. काल ढीग लावून तयार होता.

अंजनी | २८ डिसेंबर, संध्याकाळी ५:१०

तो ढीग पेटवू देऊ नका, प्लीज.

गाविलगड | २८ डिसेंबर, संध्याकाळी ७:४०

दादांना रागावून उपयोग नाही. सापाची भीती असते, वणव्याची असते, आणि अंगण झाडलेलं नसलं की लोक त्यांनाच बोलतात. घराभोवती दहा-पंधरा फूट साफ ठेवू द्या. नाल्याच्या बाजूला, झाडांच्या बुंध्यांभोवती राहू द्या. आमच्याकडे आम्ही तसंच केलं. मधे उघड्या मातीचा पट्टा ठेवला तर वणवाही आत येत नाही. आणि जमलं तर दादांना एकदा तो पक्षी दाखवा.

रानजाई | ४ जानेवारी, सकाळी १०:००

दाखवला. दोघं उंबराखाली अर्धा तास बसलो. दादांनी आधी पाहिला, मी नंतर. म्हणाले, "ताई, हा माझंच काम करतोय की, पानं बाजूला सारायचं." ढीग नाल्याकाठी पसरून टाकला. घराकडची बाजू झाडलेली, नाल्याकडची तशीच, अशी वाटणी ठरली आहे. या आठवड्यात दादांनी तो तीनदा पाहिला, एकदा सोबत मादीही होती.

शनवारातला | ४ जानेवारी, दुपारी १२:१५

वाचून बरं वाटलं. दादांना माझा नमस्कार सांगा.

रानजाई | २ एप्रिल, रात्री ८:००

डोणज्यात गेले तीन रविवार दिसलेला नाही. उंबराखालची पानं जशीच्या तशी पडलेली आहेत. वर गेला असावा. मामाला कळवलं आहे.

आंबोलीचे गुरुजी | २९ एप्रिल, सकाळी ६:१०

काल रात्री इथे वळवाची सर झाली. आज ५:२० ला पहिलं गाणं. फणसावरून नाही, शेजारच्या जांभळीवरून. तानेत मध्येच भारद्वाजाचा "ऊप ऊप" आवाज काढतो आहे.